पुरानं, वादळानं, भूकंपानं घराचं नुकसान झालं आणि विम्याचा क्लेम केला, तर पुढचा हप्ता वाढतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं विम्याचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेलं फायलींचं कपाट. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी सगळ्याच नद्या फुगल्या, तेव्हा या तीन खुर्च्या पुरेनात. मला वाटलं होतं, येणारा माणूस आधी विचारेल, "किती मिळतील?" पण बहुतेक जण खुर्चीत टेकायच्या आधीच विचारत होते, "क्लेम टाकला तर पुढच्या वर्षी हप्ता वाढवतील का हो? वाढवणार असतील तर राहू द्या." दोनेक जण तर नुकसान सोसून, क्लेम न टाकताच परत गेले. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं एकदा लिहून ठेवतो.

आडवळण नको, थेट सांगा. क्लेम केला की हप्ता वाढतो का?

आपल्याकडच्या साध्या घरविम्यात एका क्लेममुळं सहसा वाढत नाही. वाढणारच नाही असं मात्र मी कुणाला लिहून देत नाही. २००७ सालापासून मालमत्तेच्या विम्याचे सरकारी दर उठले आणि कंपन्यांना आपापले दर ठरवायची मोकळीक मिळाली. त्यामुळं वर्ष संपल्यावर कंपनी नवा दर लावू शकते. पण वर्षाला हजार-दोन हजार भरणाऱ्या घरमालकाचा एक क्लेम बघून त्याच्यापुरता वेगळा दर काढत बसणं कंपनीलाही परवडत नाही. दर हलतो तो सगळ्यांसाठी मिळून, किंवा त्या भागापुरता.

मुदत संपायच्या आत तर काहीच वाढत नाही. भरलेला हप्ता त्या मुदतीसाठी पक्का असतो.

मग ही भीती आली कुठून?

गाडीवरून. गाडीच्या विम्यात 'नो क्लेम बोनस' असतो. एक वर्ष क्लेम नाही केला की २० टक्के सूट, आणि चढत चढत पाच वर्षांनी ५० टक्के. एकदा क्लेम केला की ही सूट शून्यावर येते. पुढचा हप्ता मोठा दिसतो आणि माणूस म्हणतो, "क्लेम केला म्हणून वाढवला." बंपर घासला तर लोक गॅरेजवाल्याला खिशातून पैसे देतात ते या बोनससाठीच, आणि गाडीच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे.

घराच्या विम्यात हा हिशेब चालत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा विकणाऱ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्या मूळ मजकुरात नो क्लेम बोनस नाही. जी सूट मिळालीच नव्हती ती जाणार कुठून? काही कंपन्यांच्या स्वतःच्या वेगळ्या घरविमा पॅकेजमध्ये क्लेम न केल्याची सूट असते. तुमची पॉलिसी कोणती आहे ते पहिल्या पानावर वरच लिहिलेलं असतं, ते वाचा.

माझी मुलगी डॅलसला असते. ती म्हणते, तिकडं क्लेम केला की वाढतोच.

ती खरं सांगते, पण ते तिकडचं. अमेरिकेत घराच्या विम्याचे जुने क्लेम सात वर्षांपर्यंत एका सामायिक नोंदवहीत राहतात आणि दुसरी कंपनीही ती नोंद उघडून बघते. एका क्लेमवरून हप्ता वाढल्याची उदाहरणं तिकडं ढीगभर आहेत. नैसर्गिक आपत्तीच्या क्लेमला काही राज्यांचे कायदे थोडं संरक्षण देतात. कॅलिफोर्नियात वणव्याची आणीबाणी जाहीर झालेल्या पिन कोडमध्ये वर्षभर कंपनीला घराची पॉलिसी बंद करता येत नाही. आणखी एक मोठा फरक आहे. तिकडच्या साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. आपल्या भारत गृह रक्षामध्ये पूर, वादळ, वीज, भूकंप, दरड सगळं मूळ पॉलिसीतच येतं. मुलीचा सल्ला तिच्या घराला लागू, तुमच्या औशाच्या घराला नाही.

क्लेमच्या रकमेतून कंपनीनं 'हप्ता' म्हणून काही कापलं. हीच ती वाढ ना?

नाही. हा गैरसमज इतक्यांचा होतो की थोडं सावकाश सांगतो.

समजा, घराच्या बांधकामाचा विमा २५ लाखांचा आहे. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के रकमेचं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. म्हणजे सामानाचे ५ लाख, एकूण ३० लाख. वर्षाचा हप्ता समजा १,५०० रुपये. पुरात ८० हजारांचं नुकसान झालं आणि कंपनीनं ते दिलं. आता पॉलिसीत उरले २९ लाख २० हजार. पण उरलेल्या सहा महिन्यांत पुन्हा काही झालं तर? म्हणून विम्याची रक्कम लगेच पुन्हा पूर्ण ३० लाख केली जाते, आणि त्या ८० हजारांचा उरलेल्या दिवसांचा हप्ता कंपनी तुमच्याकडून घेते किंवा क्लेममधून वळता करते.

किती होतो तो? ३० लाखांना १,५०० तर ८० हजारांना ४०. सहा महिन्यांचे त्याच्या निम्मे, म्हणजे २० रुपये, वर जीएसटी. गंजगोलाईत दोन कप चहा. या वीस रुपयांसाठी एका गृहस्थानं माझ्याशी पाऊण तास वाद घातला होता. नंतर चहाचे पैसे त्यांनीच दिले, ही गोष्ट वेगळी.

घर पूर्ण गेलं आणि विम्याची सगळी रक्कम मिळाली, तर मात्र विम्याची रक्कम अशी आपोआप पुन्हा पूर्ण होत नाही. तेव्हा नव्यानं बोलावं लागतं.

क्लेमनंतर नूतनीकरणाला खरंच जास्त हप्ता आला. आता?

आधी फोड मागा. "कशाचे किती" हे लेखी मागा. माझ्या मावशीच्या घरचीच गोष्ट सांगतो, हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आकडे गोल केलेत. पुराच्या आधीच्या वर्षी तिनं १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी मिळून १,७७० भरले होते. क्लेम मिळाला, आणि पुढच्या वर्षी कंपनीचा मेसेज आला २,८३२ चा. मावसभाऊ तावातावानं आला, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

फोड मागितली. डागडुजी करताना त्यानं वर एक खोली काढली होती आणि फॉर्मात तिचं क्षेत्रफळ टाकलं होतं. त्यामुळं बांधकाम २५ चं ३० लाख झालं, सामान ५ चं ६ झालं, हप्ता १,५०० चा १,८०० झाला. हे रास्तच होतं. उरलेले ६०० मावशीच्या पाटल्यांच्या वेगळ्या विम्याचे आणि वैयक्तिक अपघात विम्याचे. फोनवर कुणीतरी "हे पण ठेवू का?" विचारलं आणि ती "ठेवा" म्हणाली. ती 'ठेवा' पाटल्यांबद्दल म्हणाली की फोनबद्दल, ते तिलाच आठवत नव्हतं. क्लेमपोटी वाढ शून्य. अपघात विमा काढून टाकला, पाटल्या ठेवल्या.

जीएसटीचं एक आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे. "सगळ्यावरचा गेला ना?" म्हणून भांडू नका.

मग हप्ता नेमका ठरतो कशावर?

बांधकामाचं क्षेत्रफळ, त्या प्रकारच्या बांधकामाचा आजचा खर्च, भिंती-छत कशाचं, घर कुठं आहे आणि किती वर्षांची पॉलिसी. यात जागेची किंमत धरायची नाही. घर पडलं तरी जागा तिथंच असते. लातूर शहरात प्लॉटचे भाव बघून ८० लाखांचा विमा काढणारे लोक मला भेटलेत. मिळणार ते पुन्हा बांधायच्या खर्चाइतकंच, आणि हप्ता मात्र ८० लाखांचा.

त्या पलीकडं एक गोष्ट आपल्या हातात नाही. विमा कंपन्या स्वतःचा विमा दुसरीकडं उतरवतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. आपल्याकडं त्यातली मोठी कंपनी जीआयसी री. देशात किंवा जगात कुठं मोठ्या आपत्ती झाल्या की पुनर्विमा महागतो आणि त्याची झळ झिरपत आपल्यापर्यंत येते. अशा वर्षी क्लेम न करणाऱ्या शेजाऱ्याचाही हप्ता वाढतो. तुमचा वाढला आणि त्याचाही वाढला असेल, तर कारण तुमचा क्लेम नाही.

हप्ता वाढूच नये असा काही मार्ग आहे का?

लांब मुदतीची पॉलिसी घ्या. भारत गृह रक्षा दहा वर्षांपर्यंत घेता येते. एकदाच पैसे भरायचे, तिसऱ्या वर्षी क्लेम झाला तरी दहावं वर्ष संपेपर्यंत हप्त्याचा प्रश्नच येत नाही. वर, एकापेक्षा जास्त वर्षांच्या पॉलिसीत बांधकामाची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. वाळू-सिमेंटचे भाव बघता हे फुकट मिळालेलं फार मोठं काम आहे. नदीकाठच्या माणसाला मी पहिला सल्ला हाच देतो. घर विकलं तर पॉलिसी रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे परत मागता येतात.

आमच्याकडं दर दोन-तीन वर्षांनी पाणी येतं. तरी तुम्ही म्हणता वाढत नाही?

इथं माझं उत्तर बदलतं. एकाच घराचा तिसरा पुराचा क्लेम आला की कंपनीचा माणूस फाईल उघडून बघतो. मग तीनपैकी एक होतं: दर वाढतो, किंवा 'एक्सेस' म्हणजे प्रत्येक क्लेममधली आपण सोसायची रक्कम वाढते, किंवा "या वर्षी जमणार नाही" असं कळवतात. आरोग्य विम्यात क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, तसं बळकट संरक्षण घराच्या विम्याला नाही.

अशा घरांना मी सांगतो, जोतं उंच करता येत असेल तर करा, निदान मीटर आणि बोर्ड कमरेच्या वर न्या, त्याचे फोटो काढून नूतनीकरणाच्या फॉर्मला जोडा. परंड्याकडच्या एका ओळखीच्यांनी सीनेच्या पुरानंतर नवं जोतं तीन फूट उचललं. कंपनीनं पाहणी केली आणि जुनाच एक्सेस ठेवला. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही, पण मागायला काय जातं.

नुकसान दहा-बारा हजारांचंच आहे. क्लेम करू का सोडून देऊ?

पॉलिसीत एक्सेस लिहिलेला असेल तर तो वजा करून काय उरतं ते आधी बघा. उरलेलं चार-पाच हजारांच्या आत असेल तर मी सोडून द्या म्हणतो. हप्त्याच्या भीतीनं नव्हे, तर कागदपत्रं, फोटो, सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते त्या माणसाची, वाट यात जाणारा वेळ तेवढ्या पैशाचा नसतो म्हणून. त्याच्या वरचं असेल तर बिनधास्त करा. पन्नास हजार, लाख, दोन लाखांचं नुकसान "हप्ता वाढेल" म्हणून सोसणाऱ्याला मी वेड्यात काढतो. दीड हजाराचा हप्ता दुप्पट झाला असं धरलं, तरी दोन लाख वसूल व्हायला शंभरावर वर्षं लागतील.

नवीन कंपनीत गेलो आणि जुना क्लेम सांगितलाच नाही तर?

हे मात्र कधी करू नका. नव्या पॉलिसीच्या फॉर्मात मागच्या काही वर्षांतले क्लेम आणि नुकसान विचारलेलं असतं. तिथं 'नाही' लिहिलं आणि पुढं मोठा क्लेम आला, तर कंपनी ती एक रेघ काढून सगळा क्लेम नाकारू शकते. विम्याचा सगळा कारभार खरं सांगण्यावर चालतो. तुम्ही क्लेम सांगितला तर फार फार तर दोन-तीनशे रुपये जास्त जातील, किंवा तेही नाही. लपवला तर घरच जाईल.

आणि हो, फॉर्म एजंटनं भरला असेल तरी सही तुमची असते. सही करायच्या आधी वाचा. मी हे एजंट असून सांगतोय.

क्लेमची फक्त वर्दी दिली, मग मागे घेतला. त्याची नोंद राहते का?

राहते, 'पैसे न देता बंद' अशी. त्यानं बिघडत काही नाही. विचारलं तर जसं झालं तसं सांगायचं.

सर्व्हेअर यायच्या आधी घर धुवू का?

धुवा, पण आधी फोटो. जिल्ह्यात हजारो घरांत पाणी शिरलेलं असताना सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी दारात येईल असं धरून चालू नका. नियम सांगतो की २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल आल्यापासून सात दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. २०२४ च्या जूनमध्ये नियामकानं, म्हणजे इर्डानं, काढलेल्या परिपत्रकात हे आहे. एक लाखाच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याची फी कंपनी देते, तुम्ही नाही. कुणी "सर्व्हेचे पैसे" मागितले तर मला फोन लावा.

भिंतीवर पाण्याची रेघ राहते. चिखल वाळला की ती तपकिरी पट्ट्यासारखी दिसते, शहाबादी फरशीपासून अगदी सरळ मोजता येते. तिच्या शेजारी टेप धरून फोटो काढा, पेन्सिलीनं तारीख लिहा. चुना मारायच्या आधी. ती रेघ म्हणजे तुमचा सगळ्यात खरा साक्षीदार. लोखंडी कपाटाचं दार उघडून आतल्या साड्यांवर रेघ कुठपर्यंत आली तेही घ्या. फ्रीज, मिक्सर, मोटार यांची मागची पाटी घ्या, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतो. भिजलेला गव्हाचा कट्टा, फुगलेलं दिवाण लगेच फेकू नका, एका कोपऱ्यात ठेवा. सर्व्हेअरला बघायचं असतं, आणि भंगाराची किंमत तो वजा करतो ती वस्तू समोर असेल तर योग्य लावतो. वस्तू नसेल तर अंदाजानं.

कंपनीला लगेच कळवा. फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्या. बिल हरवलं म्हणून हातपाय गाळू नका. बिल वाहून गेलं असेल तर तसं लिहून द्या, दुकानदाराकडून दुसरी प्रत काढा, लग्नातला फोटो ज्यात तो टीव्ही मागं दिसतो तोही चालतो. मी असा फोटो जोडलाय. नवरदेवाचा फेटा आणि मागं बत्तीस इंची टीव्ही.

पाऊस नव्हता, धरणातून पाणी सोडलं आणि घरात आलं. हे 'नैसर्गिक' धरतात का?

पॉलिसीत पूर आणि पाणी साचणं लिहिलंय. जायकवाडीचे दरवाजे उघडले की विष्णुपुरीचे, घरात शिरलं ते पुराचंच पाणी. नांदेडच्या सखल वस्त्यांतल्या लोकांना ही शंका फार येते. पण नदीनं काठ खाऊन घराखालची जमीन ढासळली, तर त्याला पॉलिसीत वेगळं नाव आहे, नदीची धूप, आणि ती वगळलेली आहे. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, अगदी काठावर घर असेल तर हे कलम डोळ्यांत तेल घालून वाचा.

भिंतींना तडे गेलेत. क्लेम होईल का, आणि झाला तर हप्त्यावर परिणाम?

तडे कशानं गेले यावर सगळं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वर बसलेलं घर तिच्याबरोबर हलतं. नव्या बांधकामाचं बसणं, भराव घातलेल्या जमिनीचं खचणं, कच्चं काम, या सगळ्याला विमा नाही. निलंग्याच्या एका मास्तरांचा क्लेम याच कारणानं गेला. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यातला तडा होता, त्यात कोळ्याचं जुनं जाळं दिसत होतं. सर्व्हेअरनं बोटानं ते जाळं दाखवलं आणि पुढं बोलणंच संपलं. नाकारलेला क्लेम म्हणून हप्ता वाढला नाही, पण पुढच्या वर्षी कंपनीनं पाहणी मात्र केली.

आमचं जुनं माळवदाचं घर आहे. त्याला विमा मिळतो का?

विचारून बघावं लागतं. बांधकामाचा प्रकार खरा लिहायचा. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद हे कंपनीला जोखमीचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हललं, तेव्हा माणसं मेली ती भूकंपापेक्षा त्या माळवदांखाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जायचा. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या, जास्त धोक्याच्या पट्ट्यात आला. हप्त्यावर परिणाम म्हणायचा तर हा खरा. कुणा एकाच्या क्लेमचा नाही, जमिनीचा.

हिंगोलीला २०२४ मध्ये धक्के बसले. तिथले हप्ते वाढले का?

२१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैत पुन्हा तेवढाच. माझ्याकडं वसमत, आखाडा बाळापूरकडची सातेक घरं आहेत. त्यांच्या हप्त्यात त्या कारणानं बदल दिसला नाही. जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून क्लेम होत नसतो, हेही एकदा सांगून टाकतो. नुकसान दिसायला पाहिजे.

तलाठ्यानं पंचनामा केला, सरकारी मदत मिळाली. आता विम्याचा क्लेम करता येतो का?

येतो. मदत मिळाली म्हणून क्लेम नाकारल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि मदतीचा हप्त्याशी काहीच संबंध नाही. २०२५ च्या पुरावेळी आपत्ती निधीच्या निकषात सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. साडेसहा हजारांत एका खोलीचा गिलावाही होत नाही. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा, विम्याला तो उत्तम पुरावा आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात अजून तलाठीच म्हणतात, पण अर्जावर नवं नाव लिहा.

पीकविम्यासारखं ७२ तासांत कळवायचं का? आणि त्यात तर हप्ता वाढत नाही.

दोन्हींची गल्लत करू नका. आपल्याकडं 'विमा' म्हटलं की पीकविमाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा प्रश्न. पीकविम्यात शेतकऱ्याचा वाटा ठरलेला असतो, खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड. तुम्हाला गेल्या वर्षी भरपाई मिळाली की नाही यावर तो हलत नाही. घराच्या विम्यात ७२ तासांची अट नाही, 'ताबडतोब' असं आहे. मी म्हणतो, पाणी उतरलं त्या दिवशी कळवा.

घरावर बँकेचं कर्ज आहे. विमा बँकेनंच काढला होता म्हणे.

मग पासबुक बघा, हप्ता कापलेला दिसेल, आणि बँकेकडून पॉलिसीची प्रत घ्या. कित्येकांना आपला विमा आहे हेच ठाऊक नसतं. बँकेनं बऱ्याचदा कर्जाच्या रकमेपुरताच काढलेला असतो, आणि क्लेमचे पैसे आधी बँकेकडं जातात.

हप्ता अन्यायानं वाढवला किंवा क्लेम अडवला तर कुठं जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं, लेखी. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय. ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत गेलं पाहिजे. हप्ता किती देणं लागतो यावरचा वादही तिथं नेता येतो. इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल आहे आणि १५५२५५ हा फोन.

नदीला पाणी चढतंय. आज पॉलिसी काढली तर?

२०२५ च्या पुरात एका रात्री साडेदहाला एकाचा फोन आला. मागं पावसाचा आणि म्हशींचा आवाज. "दादा, पाणी अंगणात आलंय, ऑनलाइन काढून टाका ना एक." मी म्हटलं, जे नुकसान समोर दिसतंय त्याचा विमा होत नसतो, ती पॉलिसी काढली तरी भांडणच होईल. मग विचारलं, घरात कोण कोण आहे, मेन स्विच पाडलाय का. तो म्हणाला, "थांबा," आणि फोन तसाच चालू ठेवून गेला. पाच-सात मिनिटांनी परत आला, धापा टाकत. "पाडला. म्हातारीला वर घेतलं. म्हशी सोडल्या."